मराठवाडा : भूगोल आणि प्रादेशिक अस्मिता

मराठवाड्याच्या प्रादेशिक अस्मितेवर अवर्षण आणि सीमाप्रदेश या दोहोंची छाप आहे. आग्नेय टोकाच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ती ठळक दिसते.

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे सामान्यतः मानतात. पुढे हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड आणि सगळीकडे दखनी उर्दू मराठीच्या जोडीने बोलली जाते. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड होते. त्यामुळे निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात संस्थानाच्या हद्दीबाहेरच्या उमरखेडला सशस्त्र लढ्याचे केंद्र उभारता आले. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात आले. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात आणि प्रादेशिक अस्मितेचा तोही एक आधार आहे.

दुष्काळ सोसणे हाही मराठवाड्याचा स्वभाव मानला गेला. मात्र हे चित्र अपुरे आहे. लातूरचा सरासरी पाऊस सोलापूर-अहिल्यानगरच्या कित्येक तालुक्यांपेक्षा जास्त आहे. पण जमिनीखालच्या काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही आणि मांजरेच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. या टंचाईला पाऊस जेवढा जबाबदार, तेवढेच पिकांचे आणि पाणीवाटपाचे निर्णयही. दुष्काळाला प्रदेशाचे नशीब म्हटले की हे निर्णय झाकले जातात.

नांदेडला तर ही ओळख सरसकट लावताच येत नाही. गोदावरीवर विष्णुपुरीचा उपसा जलसिंचन प्रकल्प आहे, किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडला निवर्तले. येथील हजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असल्याने हा गोदाकाठ पंजाबच्या श्रद्धाभूगोलातही मोडतो.

1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात विलीन झाला. त्याआधीच्या 1953 च्या नागपूर करारातील न्याय्य विकासाची आश्वासने आणि त्यानंतरचा सिंचनाचा अनुशेष यांवरून 1974 मध्ये विकास आंदोलन पेटले. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आले. त्याच वर्षी नांदेडला मुक्तिसंग्रामाच्या नेत्याच्या नावाने स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत.