आजीच्या दंडावरचा वण



यंदा गणपतीची आरती संपून प्रसादाची वाट पाहत असताना आमच्यातल्या एका सहा वर्षांच्या चिमुरडीने आजीच्या दंडावरच्या खोलगट वणावर बोट ठेवले. "हे काय, आजी?" आजी म्हणाल्या, "लहानपणी माझ्या देवी काढल्या होत्या." मखराकडे बघत मुलीने विचारले, "कुठून काढल्या?" आम्ही सगळे हसलो, पण नीट सांगायची वेळ आली तेव्हा एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. म्हणून हा लेख. घरातल्या छोट्यांना वाचून दाखवावा.

देवी हा आजार होता. सडकून ताप, अंगभर पुवाने भरलेले फोड, आणि दहा रोग्यांमागे सुमारे तिघांचा मृत्यू. वाचलेल्यांच्या तोंडावर वण राहत, काहींची दृष्टी जाई. शीतळादेवीचा कोप समजत, म्हणून नाव देवी. लस हा शब्दही तसाच जुना: फोडातून पाझरतो तो चिकट द्रव म्हणजे लस.

यात गाय कुठून आली? आपण आज राहतो त्या इंग्लंडातून. इथल्या गवळणींच्या हाताला गाईच्या सडांवरच्या फोडांची लागण होई, आणि अशा बायकांना देवी येत नाहीत, हे खेड्यांत माहीत होते. डॉर्सेटच्या बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ साली त्याच भरवशावर बायकोला आणि दोन मुलांना ते टोचलेही. डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी ते तपासून, छापून जगापुढे ठेवले. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरची लस त्यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. गाईचे नाव ब्लॉसम. जुलैत त्याच मुलाला खऱ्या देवीची लस टोचून पाहिली. त्याला काही झाले नाही. जेम्स हा जेन्नर यांच्या माळ्याचा मुलगा होता. मुलांना गोष्ट सांगताना हे गाळू नये असे आम्हांला वाटते.

आता ही लस मुंबईला न्यायची कशी? फ्रिज नाही, जहाजाला महिनोन्‌महिने लागणार, आणि वाळवलेली लस वाटेत उष्म्याने निकामी होई. अखेर व्हिएन्नाच्या डॉ. द कारो यांनी इटलीत लोंबार्डीच्या गाईंपासून मिळवलेली लस काचांमध्ये बंद करून, वरून मेणाचा गोळा करून बगदादला पाठवली. तिथे ती लागू पडली. पुढे माणसांचे दंड हेच तिचे वाहन! एकाला टोचायचे, आठवड्याने फोड भरला की त्यातली लस दुसऱ्याला. अशी ती बसऱ्याला आणि तिथून मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचले, आणि तिचा फोड भरला. आठवड्याने तिच्या दंडावरून आणखी पाच मुलांना, आणि मग पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. पहिल्या खेपेस भारतभर गेलेली लस या एका पोरीच्या दंडातून निघालेली.

मात्र या पद्धतीत एकाचे दुसरे रोगही कधी कधी पुढच्याला चिकटत. टोचणारा आला की आया मुले लपवत, ते काही निव्वळ अडाणीपणाने नव्हे. पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढवू लागले. बेळगावकरांना टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान आठवत असेल. तिथे हीच लस बनत असे.

व्हॅक्सिन हा शब्दही लॅटिन 'वाक्का' म्हणजे गाय यावरून आला. गंमत अशी की हा रोग गाईला घोड्याकडून येतो, असा जेन्नर यांचा तर्क होता. आणि १९०२ सालची एक अमेरिकन लस २०१७ मध्ये तपासली तेव्हा तिचे जवळचे नाते घोड्याच्या देवीशीच निघाले. गाईने घोड्याचे श्रेय घेतले म्हणायचे!

भारतात १९७५ च्या मे महिन्यानंतर देवीचा रोगी सापडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात बांगलादेशातल्या भोला बेटावर या भयंकर प्रकारच्या देवीची नैसर्गिक लागण झालेली शेवटची रोगी सापडली, तीही तीन वर्षांचीच मुलगी. ती वाचली. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

हे सगळे ऐकून आमच्या चिमुरडीने आधी स्वतःचे दोन्ही दंड तपासले, मग आईचे. आईचा जन्म १९८३ चा. तिच्या डाव्या दंडावर एक बारीक वण सापडला. तो बीसीजीचा, क्षयासाठी टोचलेला. त्याची गोष्ट वेगळी.