वृषणोच्छेद, पूर्णच्छेद आणि आरोग्य : ऐतिहासिक पुराव्यातील संज्ञांचा प्रश्न

पुरुषाच्या जननेंद्रियांच्या छेदनाने देहावर कोणते परिणाम होतात, याविषयीचा ऐतिहासिक पुरावा विपुल आहे. परंतु तो वाचण्यापूर्वी एका शब्दविषयक अडचणीचा निरास करणे अवश्य आहे. ग्रीक ‘युनूखोस’ या संज्ञेचा मूळ अर्थ ‘शय्येचा रक्षक’ असा होतो. चिनी ‘ताइज्येन’ ही राजदरबारातील पदवी होती. आणि आपल्याकडील ‘खोजा’ हा शब्द फार्सी ‘ख्वाजा’, म्हणजे ‘स्वामी’, या आदरवाचकापासून आलेला आहे. या तिन्ही संज्ञा पद सांगतात, क्षत सांगत नाहीत. केवळ वृषण काढले की शिश्नही छेदले, आणि ते कोणत्या वयात, याचा बोध त्यांवरून होत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियात उदयास आलेल्या स्कोप्त्सी पंथाने मात्र हा भेद भाषेत जपला : वृषणोच्छेदास ते ‘लहान मुद्रा’ म्हणत, पूर्णच्छेदास ‘मोठी मुद्रा’.

हा भेद वैद्यकदृष्ट्या मूलगामी आहे. दीर्घकालीन परिणाम मुख्यतः वृषणांच्या अभावी टेस्टोस्टेरॉन हा अंतःस्राव खंडित झाल्याने होतात. छेदन यौवनापूर्वी झाले असता आवाज फुटत नाही, दाढी येत नाही, अस्थींची टोके वेळेवर सांधली जात नाहीत आणि हातपाय प्रमाणाबाहेर लांबतात. पुढे अस्थी विरळ होतात. प्रौढपणी छेदन झाल्यास फुटलेला आवाज पूर्ववत होत नाही, पण अस्थिक्षय टळत नाही. इटालियन गायक फारिनेल्ली (१७०५–१७८२) याचे अवशेष २००६ मध्ये बोलोन्या येथे उकरून तपासण्यात आले, तेव्हा अस्थिविरलता आणि कपाळाच्या हाडाची आतील बाजूची जाडी दिसून आली. १९६० मध्ये बीजिंग येथे छिंग दरबारातील २६ वृद्ध सेवकांची तपासणी झाली. त्यांपैकी २१ जणांची प्रोस्टेट ग्रंथी हातास लागलीच नाही. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगावर वृषणोच्छेदाचा उपाय मांडला, तो याच संबंधावर आधारलेला होता.

शिश्नच्छेदाचे परिणाम निराळे असून ते प्रामुख्याने मूत्रमार्गाशी निगडित आहेत. चीनच्या जकात खात्यातील इंग्रज अधिकारी जॉर्ज कार्टर स्टेंट यांनी १८७७ साली दिलेल्या वर्णनानुसार मूत्रमार्गात खुंटी बसवून रुग्णास तीन दिवस पाणी वर्ज्य करीत. खुंटी काढल्यावर मूत्र वाहिले तर तो वाचला असे मानीत. मार्ग बुजलेला असल्यास वेदनामय मृत्यू अटळ असे. वाचलेल्यांच्या वाट्यासही मूत्रमार्गाचा संकोच किंवा अनावर मूत्रस्राव येई.

आयुर्मानाविषयी २०१२ साली कोरियन संशोधकांनी लक्षवेधी निष्कर्ष मांडला. चोसन राजवटीतील दरबारी सेवकांच्या ‘यांगसेग्येबो’ या वंशावळीतून ज्या ८१ व्यक्तींचे आयुष्य निश्चित करता आले, त्यांचे सरासरी वय ७० वर्षे भरले. समकालीन समदर्जाच्या पुरुषांपेक्षा ते १४ ते १९ वर्षांनी अधिक होते. परंतु ही वंशावळ दत्तकपरंपरेची आहे. तीत नाव येण्यासाठी मुलगा आधी जखमेतून वाचून दत्तक जावा लागे. जो वाचला नाही त्याची नोंद होण्याचे कारणच नव्हते. म्हणून हा आकडा वाचलेल्यांच्या आयुष्याचा आहे, शस्त्रक्रियेच्या परिणामाचा नव्हे. तिचे मोल ठरविताना न नोंदलेली मुले हिशेबातून वगळता येत नाहीत.

तात्पर्य, प्रत्येक साधनास तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : काय छेदले, कोणत्या वयात छेदले, आणि कोणाची नोंद झाली. यांची उत्तरे साधनात नसतील तर केवळ ‘खोजा’ किंवा तत्सम शब्दावरून आरोग्याविषयी सामान्य विधान करणे शास्त्रशुद्ध होणार नाही.