बुधवारी बांगडा, रविवारी रस्सा

एप्रिल 1981. वार बुधवार. लालबागमधल्या एका चाळीचा दुसरा मजला. पहिल्या पाळीचा भोंगा नुकताच होऊन गेला आहे आणि जिन्यावरून माणसांचा लोंढा वर येतो आहे. कुणाच्या केसांत, कुणाच्या भुवयांत कापसाचं तूस अडकलेलं आहे. साचेखात्यात दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून आल्यामुळे सगळे जरा मोठ्यानेच बोलतात. तुम्ही अंग चोरून भिंतीला टेकता, तर एक जण विचारतो, "काय पाव्हणं, जेवायला न्हवं?" आणि उत्तराची वाट न बघता तुम्हाला आत ढकलतो.

खोली दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात घासलेटचे दोन स्टोव्ह, पाटा-वरवंटा आणि खानावळवाली मावशी. पंगत सहा-सात जणांचीच बसू शकते. बाकीचे गॅलरीत कठड्याला टेकून, आत बसलेल्यांच्या ताटांवर नजर ठेवून उभे असतात. मावशी मूळची कराडकडची. वीस-बावीस माणसं तिच्याकडे महिन्यावर जेवतात आणि रात्रपाळीवाल्यांचे डबे वेगळे. कोण गावी गेला, कुणाचे किती खाडे झाले, कुणाची मागची बाकी आहे, हे तिच्या लांबट वहीत असतं. कोकणातले निम्मे, घाटावरचे निम्मे. कालवणाचं पातेलं मात्र एकच, कारण दोन चवींची दोन पातेली ठेवायला जागाही नाही आणि रॉकेलही नाही.

आज बांगडा आहे. मटणापेक्षा स्वस्त, म्हणून आठवड्यात त्याची पाळी जास्त. कराडच्या घरात समुद्राचा मासा कधी शिजला नव्हता. मावशीने तो मुंबईत, शेजारच्या मालवणी बाईजवळ बसून शिकून घेतला. ओलं खोबरं, धणे आणि भिजवलेल्या मिरच्या पाट्यावर वाटायच्या, सोलं आणि ठेचलेली तिरफळं घालायची, वाटण उकळलं की मगच मासा सोडायचा. तुमच्या ताटात भात पडतो, भातावर केशरी कालवण आणि कडेला एक भाकरी. तुम्ही पहिला घास घेता आणि तेवढ्यात ठिणगी पडते.

"बांगडो बरो आसा," कणकवलीकडचा एक साचेवाला म्हणतो, "पण मावशे, सोलां इसारलंस काय?"

"सोलं बरोबर हाईत," समोरून कागलचा गडी. "तिरफळं ठेचली न्हाईत, नुसती टाकल्यात. म्हणून वास उठंना."

कणकवलीकराचा हात ताटातच थांबतो. "ह्येका तिरफळा कोणी शिकवली?"

"अकरा वर्सं खातोय की तुमचं हे पानी! गेल्या टायमाला तर सुरमईत तिरफळं घातली व्हती. सुरमईत घालत्यात का कुणी? ती बांगड्याला, तारलीला."

गॅलरीत हशा पिकतो. मावशी काही बोलत नाही. तिरफळं घाईत तशीच टाकली होती हे तिला ठाऊक आहे. तुम्ही मात्र ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. कागलच्या या माणसाने समुद्र पाहिला तो मुंबईत आल्यावर. तरी कोकणी कालवणातली चूक कोकण्याच्या आधी त्याला सापडली.

त्यानंतरचं भांडण सरावाचं आहे. भातात कालवण ओतून भुरकणाऱ्यांना देवाने दात कशाला दिले, असं घाट विचारतो. दात सगळे तुमच्या भाकरेनच झिजवल्यान, असं कोकण उत्तर देतं. तुमचा मसाला नुसता जाळ. तुमचा मसाला नुसता वास. शेवटी मावशी पळी पातेल्यावर आपटते. "भांडा खुशाल, पर ताटं मोकळी करा. भायेर पोरं खोळंबल्याती."

जेवण झालं की तिच्याबरोबर मसाला गल्लीत चला. पावसाळ्याआधीची बेगमी सुरू आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरच्यांचे ढीग: रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी आणि संकेश्वरी. बायका देठ खुडत बसल्या आहेत, कढयांमध्ये धणे परतले जात आहेत, कांडपाच्या गिरणीत लोखंडी मुसळं आपटत आहेत आणि तुम्हाला एकामागून एक शिंका येत आहेत. मावशी दोन पिशव्या करून घेते. एकीत बडीशेप, दगडफूल, जायपत्री, बाद्यान यांचा मालवणी मसाला. दुसरीत सुकं खोबरं, तीळ, कांदा आणि लसूण तेलात परतून कुटलेला कांदा-लसूण मसाला. कोकणाची सगळी भिस्त ओल्या खोबऱ्यावर, कारण माड दारात. घाटावर नारळ लांबून यायचा, म्हणून टिकणारं सुकं खोबरं. एवढ्या एका गोष्टीतून दोन्हीकडचे रस्से वेगळे झाले.

दोन्ही पिशव्यांचे पैसे ती रोख मोजते. हे नवीन आहे. पूर्वी धान्य वाण्याकडून उधार यायचं, नड पडली की सावकार किंवा गहाण टाकलेलं डोरलं. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना एकत्र करून बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. मावशीचं नाव त्या मंडळाच्या यादीत आहे. मिल कामगाराला पोसणाऱ्या बाईचा धंदा हाही धंदाच आहे, हे बँकेच्या खिडकीपलीकडच्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा पटवावं लागलं होतं.

रविवारपर्यंत थांबा. गिरणीला सुट्टी आहे, नुकताच पगार झाला आहे आणि पातेल्यात मटण आहे. आज कागलचा गडी सकाळपासून स्टोव्हजवळ ठाण मांडून बसला आहे. मटण शिजवलेलं अळणी पाणी त्याने आधी बाजूला काढायला लावलं. त्यातल्या अर्ध्याचा तांबडा रस्सा झाला. अर्ध्याचा पांढरा होतो आहे, त्यासाठी मावशी खसखस वाटून नारळाचं दूध पिळते आहे.

"म्हणजे पांढऱ्यात नारळ आमचोच!" कणकवलीकर दारातूनच ओरडतो.

"नारळ तुझा, अक्कल आमची," कागल उत्तर देतं.

पण वाटीतला तांबडा तोंडाला लावल्यावर कणकवलीकर गंभीरपणे म्हणतो, "तरी बरी इली. पण कांदो करपवलास." कागलचा गडी स्वतः चाखून बघतो आणि मान हलवतो. कांदा खरोखरच करपला आहे.

पंगत सैलावली की तुम्ही दोघांना एक साधा प्रश्न विचारा: गावाकडे, सणवार नसताना, आई रोज काय रांधायची? कणकवलीकर सांगतो, उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, भाजलेली सुकट. पावसात कुळथाची पिठी. वडे-कोंबडी वर्षातून मोजून. कागलचा सांगतो, जोंधळ्याची भाकरी, खर्डा, कांदा. हिवाळ्यात हुलग्याचं माडगं. मटण जत्रेला. मावशी डब्यातून मूठभर कडधान्य काढून दोघांपुढे धरते, कारण कुळीथ आणि हुलगा एकच. दोघांच्याही घरी गरिबीत तेच शिजत होतं.

मग ज्या जेवणावरून बुधवारी एवढी लढाई झाली, ते आलं कुठून? ते वाढलं इथे, गिरणीच्या पगारावर. गावात जे जत्रेला आणि सणाला मिळायचं, ते मुंबईत आठवड्याला परवडू लागलं. घराची आठवण आली की माणसाला रोजची पेज आठवली नाही, सणाचं ताट आठवलं, आणि तेच त्याच्या मुलखाचं जेवण ठरलं. तुम्हाला वाटेल, हे उघड झाल्यावर भांडण संपेल. छे! आता पिठी श्रेष्ठ की माडगं, यावर दोन्ही बाजू नव्या दमाने उभ्या राहतात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. 18 जानेवारी 1982 पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर जातील. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच होणार नाही. अर्धी पंगत गावाला जाईल ती परतणार नाही, आणि मावशीच्या वहीतली बाकी वहीतच राहील. आज गिरण्यांच्या आवारात मॉल आणि काचेच्या इमारती आहेत, आणि आसपासच्या रस्त्यांवर मालवणी हॉटेलं वेगळी, कोल्हापुरी वेगळी. ज्याला जे आवडतं, तो तिथेच जातो. भांडणं अजून होतात, मोबाइलवर तर रोज होतात. पण त्यात एक अडचण आहे: बहुतेकांना समोरच्याचा पदार्थ वाईट आहे एवढंच म्हणता येतं, तो कुठे चुकला हे सांगता येत नाही.

त्या खोलीत ते येत होतं, कारण पातेलं एक होतं आणि नावडतं ताट बाजूला सारायची सोय नव्हती. अकरा वर्षं नावं ठेवत खाल्लं की माणसाला तिरफळं कळतात. तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या मुलखाच्या जेवणाला हसावंसं वाटलं, तर आधी त्याच्या घरी पोटभर जेवा, आणि मग कांदा करपला होता की नाही, ते सांगा.