परत करायचं, पण भांडायचं कुणाशी?

समजा, सेनगावात एका घरी ऑनलाइन मागवलेला मिक्सर आला आणि लावल्या लावल्या बंद पडला. बाजारातून घेतला असता, तर पिशवीत घालून दुकानदारापुढे ठेवला असता. इथं दुकानच दिसत नाही, मग जायचं कुठं?

या ‘कुठं’ला इतिहास आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पण त्या कायद्यात विक्रेत्याचा धंदा जिथं, किंवा तक्रारीचं कारण घडलं जिथं, तिथं दाद मागायची. ऑनलाइन खरेदीत ते ठिकाण कोणतं, यावरच वाद व्हायचा.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं हा गुंता सोडवला. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे सेनगावकरानं हिंगोली गाठायची, बंगळुरू नाही! पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

त्याच महिन्यातले ई-कॉमर्स नियम सांगतात : वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघाली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. नुसता रंग आवडला नाही, तर मात्र विक्रेत्यानं आधी सांगितलेल्या अटी चालतात.

तेव्हा बिल जपून ठेवा, खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. विक्रेता ऐकत नसेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. तिथंही नाही भागलं, तर हिंगोली आहेच.