खर्ड्याचा विजय आणि महासत्तेचे भाकीत

यापुढची महासत्ता कोणती, हा प्रश्न आज अग्रलेखांपासून महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धांपर्यंत सर्वत्र चर्चिला जातो. १९८० च्या दशकात अनेक जाणते अभ्यासक जपानकडे बोट दाखवीत होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि अमेरिका ही एकमेव महासत्ता उरली, असे मानले गेले. २०१० मध्ये चीनच्या अर्थव्यवस्थेने जपानला मागे टाकून दुसरा क्रमांक मिळविला आणि साऱ्यांचे लक्ष तिकडे वळले. आपल्याकडे डॉ. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांच्या 'इंडिया २०२०' या १९९८ मधील ग्रंथाने विकसित भारताचे चित्र रेखाटले. 'महासत्ता' हा शब्द त्याला लोकांच्या उत्साहाने जोडला. भाकिते अशी दर दहा-वीस वर्षांनी बदलत आली आहेत. तेव्हा अमुक देश की तमुक देश, याआधी अशी भाकिते कशाच्या आधारावर केली जातात आणि ती का फसतात, याचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरेल.

त्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. ज्या शहराच्या मराठी वाचकांसाठी आपले ग्रंथालय शंभर वर्षे उभे आहे, त्या शहराने हाच प्रश्न अठराव्या शतकात फार जवळून पाहिला आहे. १७०७ मध्ये औरंगजेबाचे निधन झाले आणि मोगलांनंतर हिंदुस्थानचे स्वामित्व कोणाकडे जाणार, याची चढाओढ सुरू झाली. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून पहिल्या निजामाने दक्षिणेत आपली सत्ता स्थिर केली. परंतु चारच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १७२८ रोजी, पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने त्याला कोंडीत धरले. पुढे १७६० मध्ये उदगीर आणि १७६३ मध्ये राक्षसभुवन येथे मराठ्यांचीच सरशी झाली. उदगीर आणि राक्षसभुवन यांच्या मध्ये १७६१ चे पानिपत आहे, हेही विसरता येत नाही. याच काळात म्हैसुरात हैदर आणि टिपू प्रबळ झाले, तर फ्रेंच आणि इंग्रज व्यापाराची वखार सोडून राजकारणात उतरले. या सर्व सत्तांचे पाय हैदराबादच्या दरबाराला कधी ना कधी लागले.

त्या दरबारात मराठ्यांचे वकील म्हणून वावरलेल्या गोविंदराव काळ्यांनी नाना फडणिसांना लिहिलेले एक पत्र इतिहासप्रेमींना परिचित आहे. महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या पातशहाकडून सर्वाधिकार मिळविले, त्या आनंदात ते लिहिलेले आहे. शिवछत्रपतींपासून चालत आलेल्या कार्याचा हा कळस आहे, ही धन्यता त्यात आहे. तसेच एवढी मोठी घटना घडूनही आपल्याकडे तिची तवारीख लिहिली जात नाही, ही खंतही आहे. या खंतीकडे आपण पुढे येऊ.

या आनंदावर शिक्कामोर्तब झाले ते ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला. नाना फडणिसांच्या मुत्सद्देगिरीने शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धन एका निशाणाखाली आले. निजाम अलीखानाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि अखेरीस सुमारे ३ कोटी रुपये, मोठा मुलूख व आपला दिवाण मुशीरुल्मुल्क एवढे देण्याचे कबूल केले. इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला. हेच इंग्रज १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे नमले होते. त्या मार्च महिन्यात हैदराबादच्या एखाद्या सुज्ञ सावकाराला पुढची सत्ता कोणाची असे विचारले असते, तर 'पुण्याची' हेच उत्तर त्याने दिले असते. समोर दिसणाऱ्या पुराव्यावरून त्या उत्तरात दोष काढता आला नसता.

तरीही ते उत्तर आठ वर्षांत खोटे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सवाई माधवरावाचा मृत्यू झाला. वारस कोण, या वादात पुण्याचे सरदार एकमेकांवर उलटले. या गोंधळात खर्ड्याचा कैदी मुशीरुल्मुल्क सुटला, इतकेच नव्हे तर तहातील बहुतेक कलमे सोडवून घेऊन तो हैदराबादला परतला. १८०० मध्ये नाना गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहाने तैनाती फौज स्वीकारली आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. खर्डा आणि असई ही दोन्ही गावे आजच्या महाराष्ट्रातच आहेत. आपण पहिल्याचे पोवाडे गातो आणि दुसऱ्याचे नाव टाळतो.

या ऱ्हासाचे खापर दैवावर, दुहीवर किंवा दुसऱ्या बाजीरावाच्या माथी फोडणे सोपे आहे. परंतु एका तरुणाच्या मृत्यूने जे राज्य खिळखिळे होते, त्याचा दुबळेपणा त्या मृत्यूपूर्वीचाच असतो. पुण्यातील सत्ता माधवराव, महादजी, नाना अशा कर्त्या पुरुषांच्या खांद्यावर उभी होती. ती माणसे गेली की खांदा नाहीसा होत असे. याउलट इंग्रजांचे गव्हर्नर जनरल येत होते आणि जात होते. शोअरने एक धोरण ठेवले, १७९८ मध्ये आलेल्या वेलस्लीने त्याच्या अगदी उलट. १८०५ मध्ये वेलस्लीही परत गेला, आणि कंपनीचा कारभार थांबला नाही.

दुसरी गोष्ट पगाराची. नामपल्लीहून आबिद्सकडे गेले असता गनफाउंड्री हा भाग लागतो. १७८६ च्या सुमारास निजामाच्या पदरी असलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीने येथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. मुसारामबाग हे नावही त्याच्याच नावाचा अपभ्रंश आहे. त्याने तयार केलेल्या कवायती पलटणींत दहा हजारांहून अधिक शिपाई होते. मार्च १७९८ मध्ये रेमाँ वारला. सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तह केला आणि २२ ऑक्टोबर १७९८ रोजी त्या पलटणींनी लढाईवाचून शस्त्रे खाली ठेवली. कारण थकलेल्या पगारासाठी शिपायांनी आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव केला होता. पुण्याची स्थिती निराळी नव्हती. शिंद्यांच्या फौजेचा खर्च भागविण्यासाठी १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुण्याच्या सावकारांना व गृहस्थांना लुबाडले. कंपनीही कर्जबाजारीच होती. परंतु १७६५ पासून बंगालचा महसूल तिच्या हाती होता, त्यामुळे तिला कर्ज मिळत असे आणि तिचा शिपाई पगाराबाबत निश्चिंत असे.

तिसरी गोष्ट उसन्या विद्येची. शिंद्यांच्या पलटणी उत्तम होत्या, पण त्या द बॉईन, पेराँ अशा परकीयांनी घडविलेल्या होत्या. १८०३ मध्ये युद्ध पेटताच पेराँ इंग्रजांकडे निघून गेला आणि अनेक युरोपीय अधिकाऱ्यांनीही नोकरी सोडली. तोफा राहिल्या, त्या चालविण्याचे ज्ञान मात्र आपले झाले नव्हते.

कंपनीचे हे गुण सांगताना तिचे गुणगान करण्याचा हेतू नाही. तिच्याच अमलात १७७० चा बंगालचा भीषण दुष्काळ पडला. तैनाती फौजेच्या खर्चापायी निजामाने १८०० मध्ये म्हैसूरकडून मिळालेले जिल्हे गमावले आणि अशाच थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. कोठीवरील भव्य रेसिडेन्सी ही त्या व्यवहाराची साक्ष आहे. १९४९ पासून तेथे मुली शिकू लागल्या, हा काळाने घेतलेला सुखद सूड म्हणावा लागेल.

हे तीन निकष घेऊन आजच्या प्रश्नाकडे पाहावे. अमेरिकेच्या सैन्याइतकाच तिच्या डॉलरवरील जगाचा विश्वास महत्त्वाचा आहे. तो ढळला तर विमानवाहू जहाजे पुरणार नाहीत. चीनचे कारखाने आणि बंदरे थक्क करणारी आहेत. परंतु २०१८ मध्ये तेथे राष्ट्राध्यक्षपदाच्या मुदतीची मर्यादा काढून टाकण्यात आली, तेव्हा वारसाचा प्रश्न तेथे मोकळाच आहे. भारत २०२३ मध्ये लोकसंख्येत जगात पहिला झाला. १९५१-५२ पासून मतपेटीतून सत्तांतर करण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि पहिल्या निकषावर ही मोठीच पुंजी आहे. तथापि मोठ्या शस्त्र-आयातदार देशांत आपली अजूनही गणना होते. शिंद्यांच्या पलटणींची आठवण ठेवून या गोष्टीचा विचार व्हावयास हवा. संख्या आणि विजयोत्सव यांवरून आपण महासत्ता होणारच असे म्हणणे म्हणजे १७९५ च्या मार्चमध्ये उभे राहून १८०३ चे भविष्य सांगण्यासारखे आहे.

आता गोविंदराव काळ्यांच्या खंतीविषयी. पेशव्यांच्या दप्तरात कागदांना तोटा नव्हता. पण त्या कागदांवरून स्वतःचा सलग इतिहास लिहिण्याची सवड आपण घेतली नाही. सत्ता गेल्यानंतर आठ वर्षांनी, १८२६ मध्ये, मराठ्यांचा तसा इतिहास प्रसिद्ध झाला, तो ग्रँट डफ या इंग्रज सेवेतील अधिकाऱ्याने लिहिलेला. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो १८९८ मध्ये. आपल्या पराभवांची कारणे आपणच शोधून लिहून ठेवणे, हे काम पोवाड्यांनी होत नाही; त्यासाठी कागद जपणारी, ते वाचणाऱ्याच्या हाती देणारी आणि संस्थापकांमागेही चालू राहणारी ठिकाणे लागतात. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांत खर्ड्याच्या बखरीशेजारी असईचा वृत्तान्तही राहावा आणि येणाऱ्या पिढीतील एखाद्या विद्यार्थ्याने दोन्ही पुस्तके एकाच वेळी घरी न्यावीत, एवढीच या शताब्दीच्या निमित्ताने अपेक्षा आहे.