सायक्लोन, जीएमसी

अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या जीएमसी या ट्रक विभागाने १९९१ साली बाजारात आणलेला छोटा पिकअप ट्रक. टर्बोचार्जर आणि चारही चाकांना कायम चालना ही त्याची दोन मुख्य वैशिष्ट्ये. कारखान्यातून आला तसाच तो वेगवान होता. पण रोज रस्त्यावर चालवायची आणि सुटीच्या दिवशी ड्रॅग शर्यतीला उतरवायची अशी गाडी ज्यांना बांधायची असते, त्यांच्यात त्याचे नाव आजही निघते. १९९१ च्या नमुन्याचे २,९९५ ट्रक तयार झाले आणि ते सगळे काळे होते. पुढच्या वर्षी फक्त तीन निघाले. तीच यंत्रणा घातलेली टायफून ही बंद टपाची गाडी १९९२ आणि १९९३ मध्ये विकली गेली.

त्याचा सांगाडा जीएमसीच्या सोनोमा या साध्या पिकअपचा होता. लुइझियानातील श्रीव्हपोर्टच्या कारखान्यातून निघालेले ट्रक मिशिगन राज्यातील ट्रॉय येथे प्रॉडक्शन ऑटोमोटिव्ह सर्व्हिसेस या कंपनीकडे जात आणि तिथे त्यांचे सायक्लोन होत. याच कंपनीने १९८९ ची टर्बो पाँटिअॅक ट्रान्स अॅमही तयार केली होती. सायक्लोनमधले ४.३ लिटरचे व्ही-६ इंजिन म्हणजे शेव्हरोलेच्या प्रसिद्ध ५.७ लिटर व्ही-८ मधून दोन सिलिंडर कमी केलेली रचना. त्यावर मित्सुबिशीचा टर्बोचार्जर, दाबलेली हवा पाण्याने थंड करणारा इंटरकूलर आणि कमी ठेवलेले कॉम्प्रेशन यांच्या जोरावर २८० अश्वशक्ती आणि सुमारे ४७५ न्यूटन-मीटर टॉर्क मिळे. चार गतींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समागे बोर्ग-वॉर्नरची ट्रान्सफर केस होती. ती ३५ टक्के टॉर्क पुढे आणि ६५ टक्के मागे देत असे. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, चारही चाकांना अँटिलॉक ब्रेक. हौद्यात भरायचे वजन मात्र कंपनीने सुमारे २२७ किलोपर्यंतच मर्यादित केले होते. ओझे वाहण्यासाठी हा ट्रक नव्हताच, आणि कंपनीने तसे कधी भासवलेही नाही.

त्याचे खरे बळ कशात आहे हे ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने सप्टेंबर १९९१ च्या अंकात घेतलेल्या चाचणीतून स्पष्ट होते. चौपटीहून महाग असलेल्या फेरारी ३४८ शी या ट्रकची पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची, गाठ घातली गेली. सायक्लोनने ते अंतर १४.१ सेकंदांत कापले आणि फेरारीला १४.५ सेकंद लागले. अंतिम रेषेवर मात्र फेरारीचा वेग ताशी सुमारे १५९ किमी होता आणि सायक्लोनचा सुमारे १५०. म्हणजे शेवटी जी गाडी जास्त वेगात होती तीच हरली. ड्रॅग शर्यतीत अंतिम वेगावरून इंजिनाची ताकद कळते. लागलेल्या वेळेवर त्याबरोबरच सुटण्याच्या क्षणीच्या पकडीचाही मोठा परिणाम होतो. रिकाम्या हौद्याच्या पिकअपची मागची बाजू हलकी असते, त्यामुळे फक्त मागच्या चाकांवर चालणारा जोरदार पिकअप सुटताना धूर काढत जागीच फिरतो. सायक्लोनमध्ये पुढच्या इंजिनाचे वजनही कामाला येते, कारण ज्या चाकांवर ते वजन आहे ती चाकेही ओढत असतात.

या गुणाची किंमत बांधणी करताना मोजावी लागते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ताकद वाढली की टायर घसरतात आणि घसरणाऱ्या टायरमुळे गिअरबॉक्स, शाफ्ट आणि एक्सल यांच्यावरचा ताण आपोआप मर्यादित राहतो. सायक्लोनचे टायर घसरत नाहीत. वाढलेला प्रत्येक न्यूटन-मीटर लोखंडातूनच जावा लागतो आणि सर्वांत कमकुवत भाग तुटतो. तो बदलला की त्याच्या पुढचा तुटतो. म्हणून सायक्लोनची बांधणी कोणत्या क्रमाने करायची हे आधी ठरवावे लागते. ज्यांनी आधी मोठा टर्बो बसवला आणि बाकीचे नंतर पाहू म्हटले, त्यांच्या खर्चाला अंत राहत नाही.

इंजिन : कारखान्याचा बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, सुमारे १४ पीएसआय असतो. दाब मोजणारा मूळ सेन्सर वातावरणाच्या दाबासह दोन बारपर्यंतच मोजतो, म्हणजे मूळ बूस्टच त्याच्या मोजमापाच्या टोकाशी पोचलेला असतो. त्यापुढे बूस्ट वाढवला तर वाढलेली हवा संगणकाला दिसतच नाही. तो जुन्याच हिशेबाने इंधन देत राहतो आणि मिश्रण कोरडे पडते. म्हणून बूस्ट वाढवण्याआधी तीन बारचा सेन्सर, त्याला जुळणारी नवी चिप, मोठे इंजेक्टर आणि टाकीतला जास्त क्षमतेचा पंप यांची व्यवस्था करायची असते. मूळ पिस्टन ओतीव आणि ठिसूळ असतात, त्यामुळे मिश्रण कोरडे पडून इंजिन ठोकू लागले की त्यांच्या कडा तुटायला वेळ लागत नाही. गंभीर बांधणीत फोर्ज केलेले पिस्टन घालतात. इंधन म्हणून अनेक जण ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले ई-८५ वापरतात. ते ठोके उशिरापर्यंत रोखते आणि सिलिंडरातली हवा थंडही करते, मात्र पेट्रोलपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त लागते. पंप आणि इंजेक्टरची निवड तो हिशेब धरूनच करावी लागते.

इंटरकूलरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. त्याचे पाणी इंजिनाच्या रेडिएटरपासून वेगळे असते आणि एक छोटा विजेचा पंप ते फिरवतो. हा पंप बंद पडला तरी गाडी नेहमीसारखीच चालते. फक्त इंजिनात जाणारी हवा तापत जाते आणि पूर्ण दाबावर ठोके सुरू होतात. जुना सायक्लोन विकत घेणाऱ्याने इतर काहीही करण्याआधी हा पंप फिरतो का ते पाहावे. पाण्याच्या याच व्यवस्थेचा शर्यतीत फायदाही होतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात टाकीत बर्फ टाकला की पुढच्या फेरीला हवा थंड मिळते, आणि पाव मैलात तो बर्फ पुरेसा टिकतो.

गिअरबॉक्स ते चाके : मूळ ७०० आर ४ गिअरबॉक्सचा पहिला गिअर खूप खोल, ३.०६ चा आहे. जड ट्रक हलवायला तो उत्तम. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना इंजिनाचे फेरे एकदम खाली येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेटी जास्त टॉर्कखाली जळतात. चांगल्या प्लेटी आणि वाढवलेला तेलाचा दाब यांवर तो काही मर्यादेपर्यंत चालतो. त्यापुढे जनरल मोटर्सच्या अवजड ट्रकांमधला ४ एल ८० ई बसवतात. तो लांब आणि वजनदार असतो, त्याला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लागतो आणि ट्रान्सफर केसशी जोडायला अॅडॅप्टर व बदललेले शाफ्ट लागतात. टॉर्क कन्व्हर्टरची निवड टर्बोला पाहून करायची असते. मोठा टर्बो उशिरा भरतो, म्हणून त्याला जास्त फेऱ्यांवर पकडणारा कन्व्हर्टर हवा. ड्रॅगच्या रेषेवर ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबून बूस्ट चढवतात. ब्रेक चारही चाकांना धरून ठेवतो, मात्र त्या दोन-तीन सेकंदांत गिअरबॉक्समधले तेल झपाट्याने तापते. मोठा ऑइल कूलर म्हणूनच आवश्यक.

ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टांच्या मध्ये जाड सिलिकॉन द्रवात बुडालेल्या प्लेटींचे व्हिस्कस कपलिंग असते. पुढचे आणि मागचे शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरू लागले की ते त्यांना एकमेकांशी बांधू लागते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, ही अट कोणत्याही महागड्या सुट्या भागापेक्षा महत्त्वाची आहे. मागे जाड नवे टायर आणि पुढे झिजलेले अशी गाडी साध्या महामार्गावरही कपलिंग सतत तापवत राहते आणि लवकर मारते.

सर्वांत दुबळा दुवा पुढे आहे. पुढचा डिफरन्शियल सोनोमाच्याच एस-१० घराण्याचा, सव्वासात इंची रिंग गिअरचा असतो. तो आणि त्याचे हाफ शाफ्ट एका हलक्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रकसाठी बनलेले होते. सुटताना गाडीचे नाक वर उठते, हाफ शाफ्टांचा कोन वाढतो आणि वाकलेल्या सांध्यावरच पूर्ण टॉर्क येतो. म्हणून अनुभवी बांधणारे पुढच्या सस्पेन्शनचा वरचा प्रवास रोखतात. नाक उठले नाही की सांधे सरळ राहतात आणि पुढच्या टायरांवरचे वजनही टिकते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ड्रॅग गाडीत नाक उठू देतात, वजन मागे जावे म्हणून. सायक्लोनमध्ये नेमके उलटे करावे लागते, आणि दुसऱ्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक इथेच चुकतो. मागचा एक्सल बदलणे त्यामानाने सोपे. त्याच घराण्यातल्या झेडआर-२ ट्रकांचा साडेआठ इंची एक्सल किंवा फोर्डचा नऊ इंची एक्सल बसवणारे बरेच आहेत.

शर्यतीची पट्टी आणि रस्ता : अमेरिकेत ड्रॅग शर्यतींचे नियम मुख्यतः एनएचआरए ही १९५१ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. सायक्लोनच्या वयाच्या गाडीने पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापला, तर आत रोल बार हवा. १० सेकंदांच्या आत आली, तर पूर्ण पिंजरा. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. छोट्या केबिनच्या पिकअपमध्ये आसनामागे जागा फारच कमी असते, तिथे बार नीट बसवणे कौशल्याचे काम आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा अमेरिकेतल्या सर्व राज्यांत गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. अवघ्या काही सेकंदांत ताशी शंभर किमी गाठणाऱ्या ट्रकसमोर चौकातून रस्ता ओलांडणाऱ्याला अंदाज बांधायला वेळच मिळत नाही. ‘स्ट्रीट ट्रक’ याचा या क्षेत्रातला प्रामाणिक अर्थ एवढाच, की गाडी नोंदणीकृत आहे आणि स्वतःच्या चाकांवर मैदानापर्यंत येते-जाते.

पट्टीवर मिळणाऱ्या चिठ्ठीत पहिल्या ६० फुटांची, म्हणजे सुमारे १८ मीटरची वेळ वेगळी छापलेली असते. सायक्लोनवाल्याने आधी ती पाहावी. ती वेळ सुधारली पण अंतिम वेग तसाच राहिला, तर सस्पेन्शन, टायर किंवा कन्व्हर्टरमधला बदल लागू पडला. अंतिम वेग वाढला आणि पहिल्या ६० फुटांची वेळ बिघडली, तर ताकद वाढली आहे पण ती जमिनीपर्यंत पोचत नाही. अशा वेळी बूस्ट आणखी चढवू नये. मागच्या फेऱ्यांच्या तुलनेत ही वेळ अचानक वाढली, तर पुढची फेरी घेण्याआधी गाडी उचलून कपलिंग आणि पुढचे हाफ शाफ्ट तपासावेत.

मूळ स्थितीतले सायक्लोन आता संग्राहकांकडे जात आहेत आणि त्यांच्या किमती चढत आहेत. आधीच बदललेला किंवा अपघातातून दुरुस्त झालेला ट्रक बांधणीसाठी घेणे म्हणूनच योग्य. मूळ गाडीच घेतली असेल, तर उतरवलेले इंजिन, गिअरबॉक्स, संगणक आणि एक्सल तेल लावून, नाव-क्रमांकासह जपून ठेवावेत आणि चेसिसला काप घेणारे बदल टाळावेत.