बाळंतिणीची खोली

गेल्या वर्षी श्रावणात मी बाळंत झाले आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून थेट शहापुरात माहेरी आले. माजघराला लागून असलेली छोटी खोली आज्जीने आधीच तयार ठेवली होती. बाज होती, बाजेखाली शेगडी ठेवायला जागा होती, कोनाड्यात ओवा, बाळंतशेपा, वेखंड. खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते, त्यामुळे कुठलीही जुनी वस्तू दिसली की ती केव्हापासूनची, असा प्रश्न मनात येतो. पण इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात ही खोली मला भेटलेली नव्हती. किल्ले भेटले होते, तह भेटले होते, सीमा तर आम्हा बेळगावकरांना रोजच भेटतात. ही खोली मात्र नाही.

सव्वा महिना त्या बाजेवर पडून राहायचे म्हटल्यावर हातात मोबाईल येणारच. त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा समोर येई, 'नैसर्गिक'. नैसर्गिक प्रसूती, नैसर्गिक गुटी, नैसर्गिक तेल. पुण्याची माझी मावसबहीण तर एक दिवस फोनवर म्हणाली, "लशीबिशी काही टोचून घेऊ नकोस बाळाला. आपल्या आज्ज्यांना कुठं होत्या लशी? तुझ्या आज्जीला नऊ मुलं झाली की नाही घरीच?"

फोनचा आवाज मोठा होता. दारात वाती वळत बसलेल्या आज्जीने तो ऐकला. मान वर न करता ती म्हणाली, "नऊ झाली, खरं राहिली पाच."

मला पाच काका-आत्या ठाऊक होते, माझे वडील धरून. चार गेल्याचे मला तिशी उलटेपर्यंत कुणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

आज्जीचे सासर खानापूर तालुक्यातले. थोरला काका 1955 साली जन्मला, तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो. 1 नोव्हेंबर 1956 नंतर जन्मलेली मुले म्हैसूर राज्यात जन्मली, आणि 1973 मध्ये त्या राज्याचे कर्नाटक झाले. बाज तीच होती, खोली तीच होती, सुईणही तीच. सरकारे बदलल्याचे त्या खोलीला कळले नसावे. खोलीच्या भिंतीपलीकडे गोठा होता. जमीन शेणाने सारवलेली. नाळ कापायला घरातला विळा किंवा बांबूची धारदार कांब, आणि कापलेल्या नाळेवर शेणीची राख. राख म्हणजे विस्तवातून निघालेली, तेव्हा शुद्ध, असे मानत.

तिसरे मूल मुलगा होता. चांगला गुटगुटीत, पहिले चार-पाच दिवस छान दूध ओढणारा. सहाव्या दिवशी त्याने अंगावर घ्यायचे सोडले. तोंड उघडेना. रडताना आवाज निघेना, अंग धनुष्यासारखे ताठ होई. दार लावल्याचा आवाज झाला तरी झटका येई. आठव्या दिवशी तो गेला. बारसे व्हायचे होते, म्हणून त्याला नावही नव्हते. गावाने म्हटले, सटवीने नेला. दोन वर्षांनी एक मुलगी अशीच गेली.

त्या रोगाला आपण धनुर्वात म्हणतो. नाव किती नेमके आहे पाहा. आपल्या जुन्या वैद्यांनी लक्षण अचूक पाहिले होते. कारण मात्र डोळ्यांना दिसण्यासारखे नव्हते. ते जंतू मातीत असतात, गुराढोरांच्या आतड्यात आणि शेणात असतात, आणि त्यांचे बीजाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतात. हवा न लागणाऱ्या जखमेत त्यांना वाढायला जागा मिळते, आणि ओल्या नाळेच्या टोकाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने 1889 साली तो जंतू वेगळा करून दाखवला. पुढच्याच वर्षी त्याने आणि बेरिंगने त्याच्या विषावरचा उतारा रक्तद्रवात सापडतो हे सिद्ध केले. ते ज्ञान खानापूरच्या त्या खोलीपर्यंत यायला आणखी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला.

नाळेतून शिरलेला धनुर्वात बहुधा तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत प्रकट होतो. आपली पाचवी-सहावीची पूजा नेमकी याच दिवसांतली. पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही, बायकांनी जागायचे. सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते म्हणून. पुरावा मागाल तर माझ्याजवळ नाही, पण त्या बाजेवर पडल्या पडल्या मला वाटले, हे जागरण भाबडेपणातून आलेले नसावे. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी मोजले होते की संकट याच रात्रींत येते. दिवस त्यांनी बरोबर ओळखले. वाट कुठली, ते कळले नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचे नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात फार दूर सेंट किल्डा नावाची बेटे आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथली मूठभर माणसे समुद्रपक्ष्यांची अंडी आणि मांस खाऊन राहत. गिरणी नाही, धूर नाही, बाजार नाही. निसर्गाच्या याहून जवळ कोण राहणार? त्या बेटावर जन्मलेल्या मुलांतली निम्म्याहून अधिक मुले काही दशके पहिल्या पंधरवड्यातच जात. तिथे या रोगाचे नावच 'आठ दिवसांचा आजार' असे होते. अखेर अँगस फिडिस नावाच्या तिथल्या धर्मोपदेशकाने ग्लासगोला जाऊन सुईणकाम शिकून घेतले, जंतुनाशके आणली, आणि 1890 च्या दशकात ते मृत्यू थांबले. खानापूर तालुक्यातली आज्जी आणि त्या बेटावरची एखादी कोळीण, दोघींनी आठवा दिवस मोजला होता.

मावसबहिणीला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपलं सगळं जुनं टाकाऊ?" तसे मात्र मला मुळीच म्हणायचे नव्हते. उलट बाजूचाही इतिहास आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात 1840 च्या दशकात दोन विभाग होते, एक डॉक्टरांचा आणि एक सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने बायका कितीतरी जास्त मरत. तिथे जायला नको म्हणून काही जणी वाटेत रस्त्यावरच बाळंत होत, आणि त्या जगत! सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने 1847 साली ताडले की डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्याने उतरले. मानी डॉक्टरांना ते रुचले नाही, हा भाग वेगळा. सांगायचे इतकेच की त्या काळी सुशिक्षित हातांपेक्षा सुईण बरी होती. प्रश्न जुन्या-नव्याचा नव्हताच, धुतलेल्या आणि न धुतलेल्या हातांचा होता.

आनंदीबाई जोशी मला इथे आठवतात. त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिचा आरंभ याच खोलीत आहे. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेले. पुढे अमेरिकेत 1886 साली त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंच्या जुन्या प्रसूतिशास्त्राचा. परदेशात शिकायला गेलेल्या मुलीने आपल्या घरची खोली टाकून दिली नाही, तपासायला घेतली. आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्या वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या कोल्हापुरात रुजू झाल्या असत्या तर आमच्या भागातल्या सुइणींच्या हातात साबण कदाचित एक-दोन पिढ्या आधी आला असता. असो. इतिहासाच्या शिक्षकाने असे 'असते तर' म्हणू नये.

मग मी आज्जीबरोबर बसून खोलीतली एकेक गोष्ट पाहू लागले. विश्रांती, अंगाला तेल, वेळेवर गरम जेवण, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, यांत माझे काहीच भांडण नव्हते. सव्वा महिना घरातल्या बायकांनी बाळंतिणीला चुलीजवळ फिरकू द्यायचे नाही, ही तर माझ्या मते आपल्या घरांनी बायकांना दिलेली एकमेव पगारी रजा, पगाराऐवजी लाडू. ते सुख सगळ्यांना मिळत नसे हेही खरे. शेतमजुराची बायको दहाव्या दिवशी रोपलागणीला उभी राही. शेगडी मी बाजेखालून काढून खिडकीजवळ ठेवायला लावली, कारण बंद खोलीतला तो धूर बाळाच्या छातीला बरा नाही. आज्जी दोन दिवस बोलली नाही.

चिकाची गंमत मात्र सांगायलाच हवी. बाळंतिणीचे पहिले पिवळसर, घट्ट दूध आज्जीच्या काळी पिळून टाकत आणि बाळाला मध चाटवत. सुश्रुतसंहितेतही पहिल्या दिवसांसाठी मध-तुपाची योजना आहे, म्हणजे चाल फार जुनी. आता आपण जाणतो की रोगांशी लढण्याची पहिली शिदोरी त्या चिकातच असते, आणि मधात कधीकधी धनुर्वाताच्याच भाऊबंदांचे बीजाणू असतात, म्हणून वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये. पण बघा, म्हैस व्याली की तोच चीक आपण जपून आणतो, वेलदोडा घालून खरवस करतो आणि शेजारी वाटतो. म्हशीचा तेवढा अमृत! हे मी आज्जीला म्हटले, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

डब्याच्या दुधाचे याउलट. ते आले विज्ञानाचे नाव घेऊन, गुबगुबीत बाळांच्या चित्रांसकट, आणि आमच्या आयांच्या पिढीतल्या शहाण्यासुरत्या बायकांना वाटू लागले की अंगावरचे दूध गावंढळ. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये या जाहिरातींना आवर घालणारी संहिता केली आणि आपल्या संसदेने 1992 साली कायदा केला. तेव्हा विकणारे 'शास्त्रीय' म्हणत होते, आता 'नैसर्गिक' म्हणतात. डबा तोच असतो, कागद बदलतो.

या सगळ्यात आमच्या बेळगावचा वाटा कुणी फारसा सांगत नाही. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर आपण सकाळी फिरायला जातो, झाडांखाली बसतो. इंग्रजी अमदानीत तिथे वासरांच्या अंगावर देवीची लस तयार होत असे, हे नावातच आहे, पण नाव उच्चारताना अर्थ कानात शिरत नाही. देवी तर 1980 साली जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. दुसरी गोष्ट अलीकडची. 2002 ते 2005 या काळात आमच्या जिल्ह्याच्या खेड्यांत इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने परदेशी सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. 1620 बाळंतिणी, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या. गावच्या परिचारिकांनी निम्म्याजणींना प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव शंभरांत 12 जणींवरून साडेसहाच्या आत आला. 2006 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले आणि जगभर त्याचा आधार घेतला गेला. सुईण हाकलून नव्हे, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या गावच्याच बाईच्या हातात गोळी देऊन हे साधले.

धनुर्वाताचेही तसेच. 1978 मध्ये देशभर लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बाईला टोचले की संरक्षण नाळेतूनच बाळापर्यंत पोचते. पूर्वी ज्या वाटेने मरण येई तीच वाट. त्याच्या जोडीला स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, धुतलेले हात. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले की भारतात नवजात बाळांचा धनुर्वात दर जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाच्याही खाली गेला आहे. देवीसारखा तो नाहीसा मात्र होणार नाही. खानापूरच्या गोठ्यातली माती तीच आहे, बीजाणूही तिथेच आहेत.

सव्वा महिना संपला आणि त्याच आठवड्यात बाळाच्या लशीचा दिवस आला. आमच्याकडे आई-बाळाच्या नोंदीचे जे सरकारी कार्ड मिळते त्याला 'तायी कार्ड' म्हणतात. कानडीत तायी म्हणजे आई. आज्जी त्याला ताईचे कार्ड म्हणते. त्यावरचा मजकूर कानडीत आणि इंग्रजीत, तिला येते मराठी. घरी आल्यावर तिने ते माझ्यापुढे धरले.

"आज टोचलंय त्यात त्या रोगाचं हाय काय?"

"आहे आज्जी. पाच रोगांचं एकत्र आहे, त्यात तेही आहे."

"कुठं लिवलंय, दाखव."

मी बोट ठेवून दाखवले. अक्षरे तिला कळणारी नव्हती, तरी ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. मग तिने आपला पत्र्याचा डबा उघडला. पाचवीच्या रात्री सटवाईपुढे ठेवलेला कोरा कागद त्यात घडी करून ठेवलेला होता. कार्ड तिने त्याच्यावरच ठेवले, झाकण लावले आणि म्हणाली, "दीड म्हैन्याचं झालं. पुढचं कधी ते मला आदल्या दिवशी सांग. इसरशील."